म्हैस

आमच्याकडे त्याला बेट कुणी म्हणत नाही.
म्हैस म्हणतात.
एप्रिल सरता सरता धरणाचं पाणी ओसरतं
आणि मधोमध काळपट, गोटाळ पाठ वर येते.
"निघाली का म्हैस?" डोमाजी शिवरकर विचारायचा,
नाव बांधता बांधता.
"कान दिसून राह्यले," बाबा म्हणायचे.

बाबा पाटबंधारे खात्यात. काम एकच:
सकाळी सहाला पट्टी वाचायची,
आकडा रजिस्टरात, आकडा फोनवरून नागपूरला.
बत्तीस वर्षं.
घरातही ते आकड्यांपलीकडे फार बोलले नाहीत.

म्हशीवर झाड नाही, सावली नाही, माणूस नाही.
म्हणूनच सुरय येतात.
काळी टोपी, पिवळी चोच, शेपटीला कात्री.
त्यांचे भाऊबंद समुद्रावरचे,
आणि आमच्या शून्य मैलाच्या दगडापासून
समुद्र कुठूनही निघालं तरी लांबच.
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.
घरटं असं नसतंच. गोट्यांत छातीनं केलेला खळगा,
त्यात दोन-तीन अंडी, गोट्यांच्याच रंगाची.
एकदा नावेतून उतरायला मी पाय उचलला
तर डोमाजीनं दंडाला धरून मागं ओढलं:
"पोरी, पाय ठेवाले जागा नाही तिथं. भरून हाय."
मला तर रिकामंच दिसत होतं.

मे महिन्यात, सत्तेचाळीस अंशांत,
सुरय अंड्यांना ऊब देत नाही.
उठतो, पाण्यावर पोट घासत जातो,
ओला होऊन परत येतो
आणि ठिबकत बसतो.
पुन्हा. पुन्हा. दुपारभर.

त्या वर्षी शहरात टँकरवर मारामाऱ्या झाल्या.
वरच्या धरणातून पाणी सोडायचा हुकूम निघाला,
रात्री.
सकाळी पट्टीवर दोन हात पाणी जास्त.
बाबांनी आकडा लिहिला, फोनवर सांगितला,
पलीकडून कुणीतरी "वा, छान" म्हणालं.
सुरय ओरडत फिरत होते
पाण्याच्या एकाच जागेवर,
जणू तिथं खुंटा ठोकलेला.
डोमाजीनं त्या दिवशी जाळं टाकलं नाही.

बाबा गेल्यावर खात्यानं रजिस्टरं मागितली नाहीत.
माझ्याकडे आहेत, मानेवाड्यात, दिवाणाखाली.
त्या तारखेला 'शेरा' या रकान्यात,
जिथं बत्तीस वर्षं "निरंक" आहे,
बारीक पेन्सिलीनं:
"अंडी एकशे बारा. डोमाजीनं मोजली होती."
खाली सही. आख्खी, आडनावासकट.
पुढच्या मेच्या पानांवर पुन्हा निरंक.
सुरय आले नाहीत, की मोजले नाहीत,
डोमाजी होता तोवर विचारायला हवं होतं.

आज पहाटे चारला नळ आले.
कूलरची टाकी भरली, पंप लावला,
वाळ्याच्या ताट्या भिजल्या,
ओला वास खोलीभर.
लेक झोपला होता, सदरा वर सरकलेला, पोट उघडं.
मी त्याच्याजवळ बसले.
हात ओलेच होते.
पुसले नाहीत.