अर्धा तास

घरी येऊन चौथा दिवस, तरी हात ऐकत नाहीत.
चहा घेण्याआधी कपाचा कान पुसतात,
मग दाराची कडी, मग रिमोट.
आई बघत राहते. शेवटी म्हणते,
"लवू, आमका काय रोग झालो हा?"

कसं सांगू तिला.
तीन हजार माणसांचं ते तरंगतं गाव,
पहिल्या रात्री एकच केबिन होती, सहा हजार एकशे चौदा.
सकाळी अकरा.
संध्याकाळी कप्तानाचा इस्त्री केलेला आवाज:
काही प्रवाशांना पोटाची किरकोळ तक्रार.
खालच्या डेकवर, लाल पिशव्यांच्या गाठी मारताना,
किरकोळ हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता.

मीठ-मिरीच्या बाटल्या उचलल्या.
वाचनालयाला कुलूप.
जुगाराच्या चकत्या बादलीत टाकून
खुब्यांसारख्या चोळून धुतल्या.
बुफे बंद. डावाला पाहुण्यांनी हात लावायचा नाही,
आम्ही वाढायचं, विचारून विचारून.
तेवढ्यातही हसू आलं मला,
इतका पैसा ओतून, इतक्या लांब येऊन
साहेब शेवटी पंगतीला बसले.

हातावर चोळायच्या जेलला हा किडा भीक घालत नाही.
साबण लागतो, पाणी लागतं.
कठड्यावर, लिफ्टच्या बटणांवर औषध मारलं
की दहा मिनिटं ते ओलंच राहू द्यायचं.
जोमार घड्याळ धरून उभा असायचा.
पुसू नको, म्हणायचा, अजून पुसू नको.

आणि त्या दहा मिनिटांत तो वास.

निवतीची खालची वाडी, विहिरीचा कठडा,
बाबा.
सगुण खवणेकर, ग्रामपंचायतीचे पाणी शिपाई.
नाकाला पंचा बांधून पांढरी पावडर कालवायचे,
गाळ बसला की वरचं निवळ
पोहऱ्यानं अलगद खाली सोडायचे,
आणि रहाटाचा दोर गुंडाळून
मांडीवर घेऊन बसायचे.
अर्धा तास.
कळशांची रांग लागायची.
"सगुणा, दोर दी रे, चुलीर आदण आसा!"
बाबा समुद्राकडे बघत.
कुणी शिव्या दिल्या, कुणी सात पिढ्या काढल्या,
दोर मांडीवरच.

शाळेत मी पावडरवाल्याचो झील.
त्यांच्या सायकलवर बसायचो नाही,
शर्टाला वास लागेल म्हणून चालत जायचो.
एका चैत्रात शेजारच्या दोन वाड्यांत हगवण शिरली,
आमच्यात आली नाही.
त्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही.
मीही नाही.

सहा हजार एकशे चौदामधली म्हातारी
दार बोटभर उघडून माफी मागायची,
चादरीची, गालिच्याची, स्वतःची.
मी भटारखान्यात जाऊन भात मऊ शिजवून घेतला,
मीठ घालून पेज केली, दाराशी ठेवली.
वाटी रिकामी परत आली.
खाली कागद, त्यावर माझं नाव, चुकीचं लिहिलेलं.

सहाव्या दिवशी मीच पडलो.
खिडकी नसलेली खोली, दोन मजली बाक,
आणि बादली.
जोमार ताट ठेवून दार ठोकायचा,
त्याची पावलं लगेच जायची नाहीत.
मी आतून खाकरलो की जायची.

आज दुपारी खळ्यात बाबा सुपारी कातरत होते.
त्यांना आता वास येत नाही, कसलाच, बांगडा भाजलेलाही.
माझा हात ओढून घेतला, उलटा केला,
बोटांच्या पेरांवरच्या भेगा अंगठ्यानं चाचपल्या,
जसं कुणी जाळ्याची वीण तपासतं.
"किती येळ ठेवतास?"
"धा मिनटां."
अडकित्ता थांबला.
"कमी," बाबा म्हणाले.
"अर्धो तास व्हयो."