पहिल्या सेकंदाची वीत

तळजाईच्या उतारावर पहाटे साडेपाच.
स्कूटर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद,
वर मी. वीस वर्षं मागच्या सीटवर बसलेली,
हँडल हातात आज पहिल्यांदा.

सुहृदला प्रॅक्टिकलच्या वहीत आकडे हवेत.
सोसायटीचे ढेबेकाका दर सेकंदाला काठी आपटणार,
तो शेजारून वाकून धावत
पुढच्या चाकापाशी खडूची रेघ मारणार.
"आई, ढकलायचं नाही. पाय वर. फक्त ब्रेक सोड."

सोडला.
काहीच झालं नाही असं वाटेपर्यंत
ठक्.
मग ठक्. ठक्. ठक्.
"ब्रेक!"

टेप घरीच राहिली.
त्याने रस्त्यावर गुडघे टेकून विती टाकल्या:
पहिल्या सेकंदाची एक,
दुसऱ्याच्या तीन, मग पाच,
मग सात, बोटभर कमी; ते घर्षणाचं, म्हणाला.

"एकच वीत?"
"स्थिर होतीस ना. पहिला सेकंद कंजूषच असतो.
त्वरण तेव्हाही एवढंच होतं,
दिसलं नाही इतकंच."

ढेबेकाका तंबाखू मळत थांबले.
"म्हंजे उतार तोच, नि ओढ पण तीच?"
"तीच."
"पहिल्यापास्नं?"
"पहिल्यापासून."

एका रीडिंगवर भागत नाही, सर तीन मागतात.
स्कूटर ढकलत पुन्हा वर नेली. पुन्हा शून्य.
ठक्, ठक्, ठक्, ठक्.
"आई, ब्रेक!"

पाचव्या सेकंदात नऊ विती असणार होत्या.
खडू मागे राहिला, काठी मागे राहिली.
पुढे महापालिकेचा स्पीडब्रेकर;
त्याला वहीत रकाना नव्हता.