डावं-उजवं

गोल झाला तेव्हा मी जाळीच्या मागे उभा होतो,
नऊ वर्षांचा, आईचे हातमोजे घालून.
तेव्हा माझं ऐका:
चेंडू त्याच्या डाव्या पायावर आला,
आणि जुव्हेनाल तावारेसचा डावा पाय
फक्त जिने चढायच्या कामाचा,
असं त्याचा कोचसुद्धा म्हणायचा.

गाव अठराशे वस्तीचं, मैदानात मावत सहाशे.
आज विचाराल तर तीन हजार जण
त्या दिवशी कुंपणाला टेकून उभे होते.

तो मिंदेलोचा. मालवाहू बोटीवर
भटारखान्यातला पोऱ्या.
बोट दुरुस्तीला थांबली पंधरा दिवस;
बोट गेली, तो राहिला.
दिवसा कॉडची मुंडकी उडवायची,
शेपट्या जोडीनं बांधून मासे वलांडीवर टाकायचे,
संध्याकाळी बर्फ खरवडलेल्या मैदानात
उजवी बगल राखायची.
अकरा हंगाम. दोनशे सहा सामने.
गोल: एक.

राजधानीचा संघ विमानानं आला होता,
स्वतःचं पाणी घेऊन.
एकोणनव्वदावं मिनिट, वारा समुद्राकडून,
आणि हा इतका पुढे का गेला होता
ते कुणालाच कळलं नाही.
मी पुढे कधीतरी विचारलं, तर म्हणाला,
"थंडी वाजत होती रे. पळत होतो नुसता."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, नाव चुकलेलं.
तेच चुकलेलं नाव मग बेकरीतल्या एका पावाला,
फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या भिंतीला,
आणि त्याच्या राहण्याच्या परवान्यालाही.
तीन वर्षं अडलेला कागद
चार दिवसांत हातात.
आईला त्यानं कात्रण पाठवलं.
तिनं उलट टपाली विचारलं,
तुझ्यामागे ते पांढरं काय साठवलंय, मीठ?

पुढच्या फेरीत आम्ही सहा-शून्य हरलो.
त्याबद्दल गाव बोलत नाही.

गुडघा गेला. मग माशांचा कारखाना गेला.
तो शाळेत शिपाई झाला, किल्ल्यांचा जुडगा कमरेला.
लग्नात, बारशात, सतरा मेच्या मिरवणुकीत
कुणीतरी म्हणायचंच, "जुव्हेनाल, दाखव ना!"
मग कॉफीचा कप खाली ठेवून
तो डावा पाय हवेत फेकायचा.
साठीतसुद्धा. नाही म्हणाला नाही कधी.

एकदाच बोलला.
शाळेचे नळ गोठले होते, मी प्लंबर,
तो माझ्यासाठी दिवा धरून बसलेला.
"ओड्वार, बेर्गसुंडशी खेळलो होतो, ऑक्टोबरात.
चाळीस माणसं, एक कुत्रं, आडवा पाऊस.
गोलरेषेवरून एक काढला होता मी, डोक्यानं.
तो कसा कुणाला आठवत नाही?"

मी त्या दिवशी घरी होतो, गालगुंड होऊन.
म्हणालो, "आठवतो की.
उजव्या खांबापाशी."

दिवा जरा हलला.
"डाव्या," तो म्हणाला,
आणि मला हवा होता तो पाना
न मागता पुढे केला.