कारण निवडा

इराण्णा हॉर्न दोनदा वाजवतो
म्हणजे काहीतरी परत आलंय.
न्यायला आला तर एकदाच.
वडगावात गल्लीभर माग खडखडत असतात,
तरी तेवढं मला वेगळं ऐकू येतं.

मोबाइल डब्यांना टेकवून आधी शूटिंग चालू करतो,
मग कात्री घेतो हातात.
पुरावा लागतो.
पार्सलला तोंड नसतं,
गिऱ्हाइकाला असतं.

वर कारण छापलेलं:
रंग वेगळा. उशिरा मिळाली. फोटोसारखी नाही.
आणि यादीच्या पार तळाला,
ज्याला काहीच सांगायचं नसतं त्याच्यासाठी:
मन बदललं.

या मोरपंखीचं तेच.
पदराला पिनेची दोन भोकं,
निऱ्यांच्या घडीत अत्तर आणि मसालेभात,
फॉल उसवलाय नीट, पण बारीक दोरे राहून गेलेत
काठाला चिकटून.
म्हणजे शनिवारी कुणाच्या तरी साखरपुड्यात मिरवली
आणि सोमवारी मन बदललं.
खरमरीत लिहिलं होतं मी. पुसून टाकलं.
पाचातला एक तारा निसटला
की आठ दिवस मागाला काम कमी.
'काही हरकत नाही मॅडम,' लिहितो,
'पैसे तीन दिवसांत.'

जाताना नव्वद, येताना नव्वद,
दोन्ही आपल्याच पदरचे.
बसवंत माग थांबवून विचारतो,
"परत?"
"परत."
पुन्हा खडखड सुरू.

गोकाकची बाई मात्र थेट फोन करते.
"ब्याड री अक्का, ब्याड."
का म्हणून विचारलं तर नुसतं हसते.
मी पण हसतो.
नकोला काय कारण लागतंय?
चहा नको म्हणताना सांगतो का कुणी?

अक्का म्हणाली ती, कारण आवाज ऐकला.
लिहिलेलं वाचणारे मला सर म्हणतात.
आमच्याकडं बाया असंच बोलतात की,
मी येतो, मी करतो, मी बघून सांगतो,
घरात, नळावर, नवऱ्याशी भांडताना पण.
पुण्याच्या एकीनं लिहिलं,
'बेळगाव म्हणजे कर्नाटक ना?
मराठी छान आहे हो सर तुमचं.'
तेव्हा सांगणार होतो.
मग बघितलं, सरांशी लोक घासाघीस कमी करतात.
राहू दिलं.

परवा बार्शीची जांभळी आली.
उघडलीसुद्धा नव्हती.
माझीच चिकटपट्टी,
तिच्याखाली माझाच अंगठा उमटलेला.
कारण: मन बदललं.
रात्री अकराला मेसेज:
'सर, ती विकली का?
नसेल तर ठेवाल? दुसरी नको, तीच.
एक तारखेनंतर पैसे पाठवते.
मन नव्हतं बदललं.'

बसवंत म्हणाला,
"दुकान काढलंयस का गहाणवट?"
खरं आहे त्याचं.
जांभळ्याला मागणी आहे, दिवाळी तोंडावर,
आणि असल्या एक तारखा
मी पण कितीजणांना सांगितल्यात.
तरी वरच्या फळीवर कडेला ठेवली.
नावाची चिठ्ठी टोचली नाही, भोक पडतं.
'मी बाई आहे' एवढं टाइप केलं,
बघत बसलो जरा वेळ,
पुसलं.
'ठेवतो,' लिहिलं.
'थँक्यू सर.'

आज एकोणीस तारीख.
तिच्या नावासमोर हिरवा ठिपका येतो, जातो,
ती काही लिहीत नाही, मी काही विचारत नाही.
बाहेर हॉर्न वाजला.
एकदा.
दुसऱ्याची वाट बघत
कात्री हातात धरून थांबतो.