पुढं कोण उभं राहायचं

हा बांध मीच घातला.
सतरा वर्षांचा होतो, रोजाची मजुरी आणि दुपारी भात.
तिवरं तोडली: आधी पागातपात, मग पियापी,
खुंट कुऱ्हाडीला दाद देईनात,
कोळशाच्या भट्टीतही फसफसत राहिले.
मालकाच्या तळ्यात बांगुस मासे पोसले,
माझ्या लेकींच्या फिया त्यातून गेल्या.
खोटं कशाला बोलू.

मग मासे मेले, मालक इलोइलोला गेला,
आणि वादळ आलं तेव्हा
समुद्र आणि आमच्या चुली यांच्यामध्ये
एक गुळगुळीत मैदान होतं,
माझ्या हातचं.

ट्रकभर लोक आले, सगळ्यांचे टी-शर्ट एकाच हिरव्याचे.
बाखावच्या शेंगा लांब, मुठीत छान बसतात,
चिखलात खुपसल्या की झालं.
दुपारपर्यंत चार हजार. ओळी कशा, प्रार्थनेला उभ्या पोरांसारख्या.
फोटो झाले, ट्रक परतला.

नाय बेबांग खेकड्यांची टोपली कमरेवर घेऊन
बांधावरून बघत होती. एवढंच म्हणाली,
"धाकट्याला पुढं काढलंत, थोरला कुठाय?"

तीन महिन्यांत शेंगांवर कालवं चढली,
त्यांच्या वजनानं त्या वाकल्या.
उरल्या अकरा. त्याही आडोशाच्या.

त्या वर्षी आम्ही काहीच लावलं नाही.
फावडी घेतली आणि बांध फोडला,
पूर्वी जिथं ओहोळ होता तिथंच. जागा मला पाठ होती.
पहिलं उधाण आत आलं
चपला कुठं काढायच्या हे ठाऊक असलेल्या माणसासारखं.

मग बेबांगच्या मागे चालायला शिकलो.
पागातपातचं रोप उपटायचं नाही,
गोळ्यासकट उचलायचं, नारळाच्या करवंटीत.
पुढं पागातपात, त्याच्या पाठीशी पियापी,
बाखाव आत, ओहोळाच्या काठानं.
ओळी नाहीत.
"भरतीला ओळ वाचता येत नाही."

काही मेली. काही बकऱ्यांनी खाल्ली.
काही दिओस्दादोनं तुडवली, मुद्दाम;
तळं परत मिळेल अशी त्याला आशा आहे अजून.
मी भांडत नाही. त्याच्या वयाचा होतो तेव्हा
मीही तेच केलं असतं.

आता सहावं वर्ष.
श्वासमुळं बोटभर वर आलीत,
त्यांच्यामधून निवटे उड्या मारतात.
धाकटी दुबईहून फोनवर विचारते,
"काय दाखवताय बाबा, चिखल?"

हो, चिखलच.
पण बघ,
यातून आता सरळ चालता येत नाही.