अंदाजे

पहाटे पाच. जेल रोडवर कुत्रीसुद्धा
एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून झोपलेली.
शकीला पिरजादे गाडीत बसली ती दोन स्वेटर, एक शाल
आणि "बदकांतलं मला काही कळत नाही हं,
मी आपली ऊन खायला येतेय"
एवढं सामान घेऊन.

चांदोरी ओलांडली नि गारठा काचेतून आत आला.
द्राक्षबागांच्या बांधावर धुमसत ठेवलेला पालापाचोळा,
घडांना ऊब मिळावी म्हणून.
एक म्हातारा धुराकडे पाठ करून उभा,
बागेआधी स्वतः शेकत.
रेडिओवर निफाडचा पारा: पाच पूर्णांक चार.
शकीला म्हणाली, दशांश कशाला सांगतात मेले,
थंडी ती थंडी.

मला दशांश लागतो.
एकतीस वर्षं छापखान्यात नोटा मोजल्या आम्ही,
ओल्या स्पंजवर बोट, शंभराची गड्डी,
एक कमी भरली की दरवाजे बंद.
एकदा एका नोटेपायी रात्री साडेनऊपर्यंत बसलो.
यंत्राच्या पोटात सापडली, चुरगळलेली.
घरी तापाने फणफणलेला मुलगा
शेजारणीच्या मांडीवर झोपून गेलेला.

चापडगावला दत्तू उगले दुर्बीण घेऊन उभा.
वय बावीस. कानटोपी लाल,
पाखरांना दिसते म्हणून उलटी करून घातलेली.
मनोऱ्याच्या पायऱ्या दवाने निसरड्या.
इथे गोदावरी कादवेला भेटते
आणि दोघींनाही पुढे जायची घाई नसते.
धुकं. धुक्यात नुसतेच आवाज:
कुणी शीळ घालतंय,
कुणी ओला टॉवेल झटकावा तसे पंख झटकतंय,
लांब कुठे चक्रवाक, भोंगा बिघडल्यासारखे.

मग ऊन उसाच्या तुऱ्यांवर आलं
आणि पाणी भरलेलं निघालं.
तलवार बदकं, शेपट्यांना नव्या पेन्सिलींसारखं टोक काढलेली.
चांदवे, कपाळावर खडूचा ठिपका.
थापटे, चोच कसली, कालथाच तो.
दत्तूने वही पुढे केली: मॅडम, तुम्ही थापटे मोजा.

मोजले.
दहा-दहाचे गट करून, बोट हवेत.
मधेच ते बोट आपोआप ओठांकडे गेलं, ओलं व्हायला.
शकीलाने पाहिलं. काही बोलली नाही, नुसती हसली.
एकशे ऐंशी. दोनशे दहा. दोनशे सतरा.
तेवढ्यात लव्हाळ्यावरून दलदली भोवत्या आला,
तपकिरी, आळसावलेला, कुणाकडे काही न मागता,
आणि अख्खं पाणी उठलं.

तो आवाज!
नोटा मोजायच्या यंत्राचा, थेट तोच,
फक्त छप्पर नसलेला.
आम्ही दोघींनी एकदमच
एकमेकींचे हात धरले.

पाखरं फिरून उतरली, भलत्या जागी, भलत्यांच्या शेजारी.
दोनशे सतरा कुठले, आता कोण कोण ते?
मी पुन्हा एकपासून.
भोवत्या पुन्हा.
मी पुन्हा एकपासून.
तिसऱ्यांदा दत्तूने हळूच माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि रकान्यात लिहिलं:
थापटे, अंदाजे २५०.

"वर साहेब विचारत नाहीत?"
"विचारतात की. मी सांगतो,
मोजत होतो तेव्हा उडाले."

एवढंच. दरवाजे उघडेच.
कुणी पदर झटकून दाखव म्हणालं नाही.

शकीलाने माझा डबा उघडला, गुळपोळ्यांचा.
दत्तू म्हणाला, किती आहेत?
असतील अंदाजे सहा, ती म्हणाली, माझ्याकडे बघून, मुद्दाम.
सात, मी म्हणाले.
सातच होत्या.

खाली, काठाजवळ, एक थापट्या
तिन्ही वेळा उडालाच नव्हता.
चोच पाण्यात घालून, चिखल गाळत,
आपल्याच भोवती गोल गोल फिरत होता.
त्याला मी धरला होता की नाही,
आता काही केल्या आठवत नाही.