धूर

सकाळी उठले की आधी खिडकीची काच बाहीने पुसते
आणि धूर मोजते.
आमचा मोजत नाही.
उजवीकडे, बर्चच्या झाडांआड, ओयेचा.
खाली खाडीपाशी वेल्लोचा, नेहमी वाकडा,
कारण त्याचं धुराडं एका वादळात कललं
आणि गेली वीस वर्षं तो म्हणतोय, "येत्या उन्हाळ्यात."

बेटाच्या या टोकाला चौदा घरं आहेत.
जूनमध्ये तालिनहून माणसं येतात, कुंपणं रंगवतात,
आमच्याकडे बटाट्यांचा भाव विचारतात.
जानेवारीत धूर तीनच.

हेल्दुर चुलीपाशी पेपर धरून असतो, कालचा.
लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली.
कानाचं यंत्र साखरेच्या डब्यात.
घाल म्हटलं तर म्हणतो,
"तू काय बोलणार ते मला पाठ आहे."
एकदा मी त्याच्या पाठीशी उभी राहून, अगदी हळू, म्हटलं,
"त्या सारेमाच्या मास्तराशीच लग्न करायला हवं होतं मी."
त्यानं पान उलटलं.
"तो गेला ना गं. नव्वद साली."

गुरुवारी दुकानाची गाडी येते.
आम्ही तिघंचौघं तासभर आधीच बसथांब्यावर.
काळा पाव, खारवलेले मासे, मेणबत्त्या,
आणि वेल्लोच्या रेडिओचे सेल, जे कधीच बरोबर नसतात.
गाडीवरची पोरगी, केर्तू, मान खाली घालून म्हणाली
की मार्चपासून गाडी पंधरा दिवसांनी.
कुणी काही बोललं नाही.
ओयेनं दोन पाव जास्त घेतले.

शनिवारी सौना, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी.
आधी पुरुष, मग बायका, अशी पद्धत होती.
आता एवढ्या चौघांसाठी दोनदा लाकडं कोण जाळणार?
एकाच फळीवर बसतो, पंचे गुंडाळून,
लोंबलेले, सुरकुतलेले, लालबुंद.
लाज वाटायलाही गावात पुरेशी माणसं लागतात.

त्या मंगळवारी वेल्लोचा धूर आला नाही.
मी आठला पाहिलं. साडेआठला.
बोलले काहीच नाही, पण हेल्दुरनं माझ्याकडे बघितलं,
पेपर घडी करून ठेवला आणि बूट चढवले.
पायानं रेटायची ती जुनी घसरगाडी घेऊन
उतारावरून गेला, टोपीचा एक कान वर, एक खाली.
मी खिडकीत. काच पुसते, पुन्हा धुरकटते.
खरं सांगायचं तर वेल्लो माझ्या मनात नव्हताच.
बर्फ, तो उतार, आणि हेल्दुरचा डावा गुडघा.

दहाच्या सुमाराला धूर निघाला. वाकडा.

जेवायला आला तेव्हा म्हणाला,
"काड्यापेटी सापडत नव्हती म्हाताऱ्याला."
आणि सूप मागितलं.

शनिवारी पाळी आमची होती.
वाफेत वेल्लोचा पंचा जरा सरकला
आणि दिसलं: कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळंनिळं.
हेल्दुरनं लगेच गरम दगडांवर पाणी ओतलं,
गरजेपेक्षा बरंच जास्त,
आणि वाफेत सगळं झाकून गेलं.
एक ठार बहिरा, एक अर्धा,
तरी आपसांत काय काय ठरवून बसले होते!
मला वाटायचं, या माणसाच्या खिशात आता
माझ्या नजरेतून सुटलेलं एक बटणसुद्धा नाही.

ओयेला मी सांगितलं नाही. तिला माहीत असणारच.
तेव्हापासून वेल्लोची लाकडं आमच्याच अंगणात फुटतात,
आणि "जास्तीची फुटली" म्हणून त्याच्याकडे जातात,
आणि तो "जागा अडते" म्हणून ठेवून घेतो.

माझंही एक आहे, कुणाला न सांगितलेलं.
रात्री जाग आली की मी त्याच्या नाकापुढे हात धरते.
बोटांना ऊब लागली की कूस बदलते.
दोन वर्षं झाली, रोज.
परवा तसाच धरला होता.
यंत्र डब्यात, खोलीत मिट्ट काळोख,
आणि तो डोळे न उघडता म्हणाला,
"निघतोय अजून धूर. झोप."

मग त्याचे बर्फासारखे तळवे
माझ्या पोटऱ्यांना लावले,
विचारल्याशिवाय, नेहमीसारखे.